परातीवरचं गाव: पणजोबांच्या शोधात कोकणात पाच दिवस

निघायच्या आधीचं थोडं

आमच्याकडे एक पितळेची जुनी परात आहे. आत्या दिवाळीला चकलीचं पीठ तिच्यातच मळते, स्टीलच्या परातीत मळलं तर म्हणे हात लागत नाही. तिच्या मागच्या बाजूला कासाराने ठिपक्याठिपक्यांनी काहीतरी कोरलंय हे घरात सगळ्यांना माहीत होतं पण वाचायच्या भानगडीत कोणी पडलं नव्हतं, घासून घासून ते पार पुसट झालेलं. गेल्या दिवाळीत परात धुवायला उलटी केली तर तांदळाचं पीठ त्या ठिपक्यांत बसलेलं आणि अक्षरं अशी उठून आली की मी ओरडलेच. सौ. सरस्वती धोंडू, मग आमचं आडनाव, मग मु. आणि एका गावाचं नाव.

ते गाव आमचं नाहीच.

आमचं गाव वाघोटन खाडीच्या अलीकडे, सिंधुदुर्गात. म्हणजे बाबा आयुष्यभर तेच सांगत आले, देवळाची वर्गणी चाळीस वर्षं तिकडेच जाते. परातीवरचं गाव खाडीच्या पलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यात. दोन्ही गावांची नावं मी इथे लिहीत नाहीये, का ते पुढे कळेल, नुसतं अलीकडचं आणि पलीकडचं म्हणते.

आणि आमच्याजवळ माहिती किती तर एवढीच: आजोबा विठू, गिरणीत साच्यावर (म्हणजे मागावर) होते, १९८६ साली गेले. त्यांचे वडील धोंडू. धोंडूचा फोटो नाही, मृत्यूची तारीख नाही, बायकोचं नाव कोणाला आठवत नाही. बाबांनी नव्वदच्या दशकात डायरीत एक वंशावळ काढून ठेवलीय, त्यात सगळ्यात वर धोंडू आणि त्याच्या डोक्यावर प्रश्नचिन्ह.

आत्याला म्हटलं, जाऊन येऊ या. ती बहात्तर वर्षांची. म्हणाली, गुडघे येतायत तिथवर येते.

दिवस पहिला

दादरहून रात्री बाराची तुतारी एक्सप्रेस. झोप कसली, आत्याने चिपळूणपर्यंत शेजारच्या बाईचं सगळं खानदान काढलं आणि मग मला म्हणते, बघ, वंशावळ अशी काढतात, कागद कशाला लागतात.

सकाळी वैभववाडीला उतरलो, तिथून तळेरे, मग विजयदुर्गच्या रस्त्याला लागलो. डिसेंबर असल्यामुळे कलमांना मोहोर यायला लागलेला आणि रिक्षात नुसता तो वास. तळेऱ्याच्या उत्तरेला हायवेवर खारेपाटण आहे. तिथे सापडलेला ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा, शिलाहार राजा रट्टराजाचा. त्यात त्याने आपल्या घराण्याची वंशावळ दिलीय, सणफुल्लापासून स्वतःपर्यंत दहा पिढ्या, ओळीने. हे मी रिक्षात आत्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं, की बघ हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा खापरपणजोबा सापडतो आणि आपला साधा पणजोबा सापडत नाही. गावाची हवा लागली की आत्याची भाषा बदलते, ती म्हणाली, "गो बाय, तो राजा होतो. आमचो गिरणीत होतो. आमच्याक कोण लिवतलो तांब्यावर?"

दुपारी अलीकडच्या गावात पोचलो. भावकीतल्या एका काकांकडे उतरलो, फोनवर सांगून ठेवलं होतं. सोलकढी, बांगडा, सगळं प्रेमाने. पण जेवून हात धुताना काकांनी हळूच विचारलंच, "जमनीच्या कामाक इलास काय गो?"

नाही म्हटलं. फक्त माहितीसाठी. ते "बरां बरां" म्हणाले पण चेहऱ्यावरून पटलेलं दिसत नव्हतं. पुढच्या दोन दिवसांत हाच प्रश्न मला देवळात, दुकानात आणि एसटीच्या थांब्यावर मिळून सहा जणांनी विचारला. आधी राग आला. मग लक्षात आलं की मुंबईहून येऊन पणजोबाचं नाव विचारणारा माणूस आजपर्यंत त्यांनी वाटणीशिवाय दुसऱ्या कशाला आलेला बघितलेलाच नाही, त्यात त्यांची काय चूक.

संध्याकाळी देवळात गेलो. गुरवाने आमच्यासाठी गाऱ्हाणं घातलं, "मुंबैसून लेकरां इली हत, तेंच्या मूळपुरुषाचो ठाव लागांदे रे म्हाराजा", आणि मागून चार जण "व्हय म्हाराजा". अंगावर काटा आला खरा. पण गाऱ्हाणं संपल्यावर त्याच गुरवाने विचारलं, तुमचं मूळघर नेमकं कुठलं? तर आम्हाला ते दाखवता येईना. काकांनी एक चौथरा दाखवला, चिऱ्यांचे दोन थर राहिलेले, मधोमध माडाएवढा उंच फणस. "हयसरच असतला," म्हणाले. असतला!

दिवस दुसरा

तालुक्याच्या कचेरीत सकाळी साडेदहाला हजर. अर्ज, कोर्ट फीचा स्टॅम्प, ओळखपत्राची झेरॉक्स. रेकॉर्डवाल्या भाऊंनी पहिला प्रश्न केला, "कुणबी नोंदीसाठी का?" २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधमोहीम सुरू झाली तेव्हापासून जुन्या रजिस्टरांवरची धूळ बऱ्यापैकी उडालीय आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आलाय. म्हटलं नाही हो, नुसता पणजोबा शोधतेय. ते हसले. पण माणूस चांगला, स्वतः शिडीवर चढून गठ्ठे काढून दिले.

जन्ममृत्यूची जुनी नोंद म्हणजे कोतवाल बुक. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, त्यात बाळाचं नाव शोधायला गेलात तर हात हलवत परत याल, कारण नोंद व्हायची तेव्हा बारसंच झालेलं नसायचं. बापाचं नाव, जात आणि पुढे नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी". आईचा उल्लेख शोधूनही नाही. मृत्यूच्या बाजूला नाव असतं आणि कारण एका शब्दात, ताप, पटकी, देवी. १९१८ च्या ऑक्टोबरची पानं उघडली तर ताप, ताप, ताप, ताप, पान उलटलं तरी ताप. इन्फ्लुएंझाची साथ. लिहिणाऱ्याचं अक्षर पानाच्या खाली खाली तिरपं होत गेलेलं. आत्या इतका वेळ बडबड करत होती ती गप्प झाली.

धोंडू त्यात नाही. मुंबईत मेला असेल तर गावच्या बुकात येणारच नाही. आणि १९१७ च्या आसपास आजोबांच्या जन्माचीही नोंद नाही. मधली चार वर्षं तर रजिस्टरच नाही, वाळवीने खाल्लं म्हणाले.

मग फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी. हे गाव पूर्वी खोतीचं, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या खोताच्या हातातलं, आमचे लोक खोताचं कूळ, त्याची जमीन कसणारे. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण त्याच्या आधीचे फेरफार होते. दुपारी तीनच्या सुमाराला भाऊंनी एक पान पुढे सरकवलं, साल १९३१. कूळ विठू धोंडू मयत. वारस म्हणून धाकट्या मुलाचं नाव, म्हणजे ज्या काकांकडे आम्ही उतरलो होतो त्यांच्या आजोबांचं. आणि मग ही ओळ: "थोरला मुलगा धोंडू हा मुंबईस मयत, त्यास वारस नाही."

मी ती ओळ तीनदा वाचली. १९३१ मध्ये आमचे आजोबा चौदा वर्षांचे होते की हो. जिवंत, धडधाकट. वारस नाही काय!

नक्कल हातात घेऊन बाहेर आलो, उसाचा रस प्यालो. आत्या म्हणाली, काकांना नको दाखवूस. मी म्हटलं, अगं शंभर वर्षं होत आली. ती म्हणाली, म्हणूनच. जेवायला घालतायत ती माणसं. खरं सांगायचं तर मला त्यात कोणी खलनायक दिसला नाही, तलाठ्याने विचारलं असेल थोरल्याचं कोण आहे, चार माणसांनी सांगितलं असेल इथे कोणी नाही, आणि इथे खरंच कोणी नव्हतं. पण रात्री तांदळाची भाकरी घशाखाली उतरायला जरा वेळ लागला. गावांची नावं का लिहिली नाहीत ते आता कळलं असेल.

दिवस तिसरा

सकाळी खोतांच्या जुन्या घरी. आता तिथे एक निवृत्त मास्तर एकटे राहतात, त्यांनी माजघरातल्या पेटीतून लाल कापडात बांधलेला जुन्या कागदांचा रुमाल काढला. सगळं मोडीत. लॉकडाऊनमध्ये मी ऑनलाइन मोडी शिकले होते, सर्टिफिकेटही आहे, त्याचा काय उपयोग ते पहिल्या पानावरच कळलं. आधी पानभर आडव्या रेघा मारून घ्यायच्या आणि मग त्यांना लटकवल्यासारखी अक्षरं, दोन शब्दांमध्ये जागा नाही, ह्रस्वदीर्घ नाही, आणि जिथे तिथे दोन दंड मारून शब्द तोडलेला, मौ॥ म्हणजे मौजे, ता॥ म्हणजे तालुका.

दोन तासांनी एका कर्जरोख्यात मला "धोंडू" दिसला. उडीच मारली मी. शके १८०४ चित्रभानु नाम संवत्सरे. अठ्ठ्याहत्तर मिळवा, १८८२. धोंडू बिन विठू, बिन म्हणजे मुलगा. खाली सहीच्या जागी एक वाकडं तिकडं चित्र, त्याच्या बाजूला लेखकाने लिहिलेलं, निशाणी नांगर. लिहिता न येणारा शेतकरी सहीऐवजी नांगर काढायचा. त्याच्या खाली आणखी एक निशाणी, गोल, पुरता न मिटलेला, शेजारी "निशाणी बांगडी". बाई होती कोणीतरी, त्याची आई असेल नाहीतर बायको. तिचं नाव नेमकं घडीवर आलेलं आणि घडी फाटलेली.

फोटो मोडीच्या सरांना पाठवला, त्यांनी दहा मिनिटांत वाचून दिलं, माझं बरोबर होतं.

पण आनंद अर्धा तासच टिकला. १८८२ मध्ये कर्ज काढणारा माणूस निदान पंचविसातला तरी धरा. आजोबा जन्मले १९१७ ला. म्हणजे साठीला मुलगा? मास्तर चहा ढवळता ढवळता म्हणाले, "अहो, नातवाला आजोबाचं नाव ठेवतात ना आपल्यात." झालं, सगळं एकदम सरळ. धोंडूचा विठू, विठूचा धोंडू, आणि त्या धोंडूचे आमचे आजोबा विठू. एक पिढी सोडून तेच नाव. बाबांच्या वंशावळीत एक धोंडू होता, प्रत्यक्षात दोन, आणि मधला विठू तर आम्हाला ठाऊकच नव्हता, ज्याचा फेरफार आदल्या दिवशी हातात होता आणि मी तो बावळटासारखा आजोबांच्या आजोबाचा म्हणून नीट वाचलाही नव्हता. धोंडू हे नावही असंच, आधीची मुलं दगावली की पुढच्याला धोंडू, दगडू, केरू ठेवायचे म्हणजे यमाची नजर पडत नाही. म्हणजे त्याच्या आधी किती गेली असतील कोण जाणे.

दुपारी विजयदुर्ग बघून आलो. किल्ल्यावर आत्या चढली नाही, धक्क्यावर बसून राहिली. आगबोटी असायच्या तेव्हा बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसं किनाऱ्याला आणायचे, पावसाळ्यात तेही बंद. धोंडू मुंबईला गेला तो इथूनच गेला असणार. पलीकडचा किनारा इतका जवळ दिसतो की हाक मारली तर ऐकू जाईल.

दिवस चौथा

तो पलीकडचा किनारा. पूर्वी होडीने पटकन व्हायचं, आम्ही रिक्षाने वळसा घालून गेलो आणि आत्याने वाटेत दोनदा विचारलं, जिल्हा बदलला का. बदलला. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्याआधी हे सगळं एकच रत्नागिरी. आजोबांना ही रेघ माहीतच नव्हती म्हणायची, ती आखली तेव्हा ते रिटायर होऊन डोंबिवलीत होते.

आधी तिकडचा तालुका. कालच मास्तर म्हणाले होते, पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा जन्म आजोळच्या बुकात बघा. इतकी साधी गोष्ट, आणि मी तीन दिवस बापाच्या गावात पोराचा जन्म शोधत बसले होते! कोतवाल बुक, १९१७, ऑगस्ट. बापाचे नाव धोंडू विठू, राहणार अमुक, म्हणजे आमचं अलीकडचं गाव. पुढे: मुलगा.

एवढंच. मुलगा. हेच आमचे आजोबा. आत्याने त्या शब्दावर बोट ठेवलं, तिकडच्या बाईंनी सांगितलं हात लावू नका, कागद मोडतो, तर पटकन काढून घेतलं आणि पदराने डोळे पुसले.

मग गावातली शाळा. हेडबाईंनी जनरल रजिस्टर काढून दिलं, पुठ्ठा गेलेला पण पानं शाबूत. विठू धोंडू, दाखल १९२४, जन्मतारीख कोतवाल बुकाहून जवळजवळ वर्षभर वेगळी (गिरणीच्या कागदांवर तिसरीच आहे). इयत्ता चौथी. वर्तणूक बरी. शाळा सोडल्याचे कारण, मुंबईस गेला. पालक म्हणून मामाचं नाव. बापाच्या नावापुढे कंसात मयत. आईचं नाव लिहायला रकानाच नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आपल्याकडे आईचं नाव सक्तीचं झालं, तिला शंभरएक वर्षं उशीर झाला इतकंच.

म्हणजे धोंडू गेल्यावर बाई पोराला घेऊन माहेरी आली आणि अलीकडच्या गावासाठी दोघं संपलीच. तिचं नाव फक्त परातीवर.

मामाचं घर सापडायला अजिबात त्रास झाला नाही, शाळेतल्या शिपायाने अंगणापर्यंत नेऊन सोडलं. पडवीत पंच्याऐंशीच्या पुढची एक आजी कोकमाच्या बिया वेगळ्या करत बसलेली. आम्ही सांगायला सुरुवात केली, परात, सरस्वती, धोंडू. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती, नाही नाही नाही अशी. माझं काळीज खाली गेलं.

"सरस्वती कोण नाय हय," ती म्हणाली. "मथुरी होती."

सासरचं नाव सरस्वती, माहेरचं मथुरा. इथे जन्मली, इथेच परत आली, तेव्हा सासरचं नाव या गावात कोणी उच्चारलंच नाही. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची, मथुरी म्हातारी. पडवीच्या त्या कोपऱ्यात झोपायची, त्या कोपऱ्यात आता गॅसचा सिलिंडर आहे. सोलं करायची. पोरगा मुंबईहून मनीऑर्डर पाठवायचा ती पोस्टमन तिला वाचून दाखवायचा, पैसे किती ते आधी नाही विचारायची, लिवलान काय ते विचारायची. देश स्वतंत्र झाला त्यानंतर एकदोन पावसाळ्यांत गेली. मुलगा दिवसांना आला आणि जाताना परात घेऊन गेला.

आत्याचा जन्म १९५३ चा. थोडक्यात हुकली.

मग आजीनेच विचारलं, "ती परात आसा अजून?"

आहे म्हटलं.

"तिका बुडाक खळगो आसा मा?"

आत्या उडालीच. आमची परात ओट्यावर डुगडुगते. लहानपणापासून तिच्याखाली फडक्याची चुंबळ ठेवूनच मळायचं, का ते कोणी विचारलं नाही. आजी हसायला लागली, दात नसलेलं हसू, हसता हसता खोकला आला. "बांयत पडली ती. आमीच पाडली, मी नि माझो भाव. मथुरीन आमका चाबकान मारल्यान." मग थोडं थांबून, "चाबूक खंयचो, शिरपूट." शिरपूट म्हणजे बारीक काटकी.

परातीच्या मागच्या अक्षरांचा फोटो मोबाइलवर दाखवला, पण आजीला वाचता येत नाही आणि दिसतही नाही. तिने फोन हातात घेऊन काचेवरून बोट फिरवलं आणि परत दिला.

दिवस पाचवा

परतीचा. सकाळी अलीकडच्या गावात काकांचा निरोप घेतला. मी नक्कल दाखवणार नव्हते, पण निघताना काकाच म्हणाले, तालुक्याला गेलेलात ना, काय लिहिलंय आमच्याबद्दल? खोटं बोलवेना. दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, घडी केली, परत दिली. मग आत जाऊन सोलांची पिशवी घेऊन आले, दोन किलो तरी असतील, आणि आत्याच्या हातात देऊन म्हणाले, आमच्या म्हाताऱ्यान तसा लिवूक नको होता. आत्या म्हणाली, जाऊ दे रे, सोलां चांगली दिसतत.

गाडी पाऊण तास लेट. धोंडू कधी मेला, तापात मेला की गिरणीत, मुंबईत कुठे जाळलं, काही हाती लागलेलं नाही. मुंबईच्या १९१८ च्या नोंदी बघायच्यात, पण "धोंडू विठू, गिरणी कामगार" या नावाने तिथे किती निघतील याची धास्ती आहे.

पनवेल येता येता आत्याने डोळे न उघडताच सांगितलं, या वर्षी वर्गणी दोन्ही गावांना पाठव. मी पलीकडच्या देवळाची वर्गणी बघणाऱ्या मुलाला फोन लावला, त्याने यूपीआय नंबर दिला आणि विचारलं, पावती कोणाच्या नावाने करू? मी आत्याकडे बघितलं.

"मथुरा धोंडू," ती म्हणाली. "आणि त्याला म्हणावं, ठिपक्यांनी नको, पेनाने लिही."